पावणेअकराचं शून्य

सकाळचे सात वाजून वीस मिनिटं. मोठ्या चेंबरसमोरच्या स्टुलावर बसून ती पडद्यावरच्या हिरव्या रेघेकडे बघते आहे. रेघ सरळ आहे. दहा मिनिटं सरळ राहिली, तर शेजारच्या वहीत ‘शून्य ठीक’ असं लिहायचं, वेळ टाकायची, सही करायची आणि मगच दिवस सुरू झाला असं धरायचं. आज मंगळवार आहे. एकोणीस वर्षांत या वह्यांची संख्या एक्केचाळीस झाली आहे आणि प्रत्येक पानाची पहिली ओळ हीच आहे.

चेंबर म्हणजे पोलादाचं एक आडवं पिंप. आत एखादी छोटी बस सहज मावेल. त्यातली हवा आदल्या दिवशीच उपसून टाकलेली असते. आत पोलादाच्या चार पातळ पट्ट्यांवर एक चौकट टांगलेली आहे. प्रयोगशाळेत तिला सगळे ‘झोपाळा’ म्हणतात. अवकाशयानाला हळूहळू ढकलणारं विजेवरचं इंजिन या चौकटीवर बसवतात. ते झेनॉन वायूचे विद्युतभारित कण एका बाजूला फेकतं आणि झोपाळा दुसऱ्या बाजूला सरकतो. किती सरकला यावरून इंजिनाचा जोर कळतो.

हा जोर म्हणजे चाळीस मिलिन्यूटन. तळहातावर कोरा कागद ठेवला तर जेवढा भार वाटतो, त्याहूनही थोडा कमी. पण तेवढ्याच जोरावर यानाला आठ हजार तास ढकलत न्यायचं असतं. जोर मोजण्यात एक टक्का चूक झाली, तर आठ हजार तासांत ऐंशी तासांचा फरक पडतो. म्हणून एक टक्क्याच्या आत मोजावं लागतं. चाळीस मिलिन्यूटनचा एक टक्का म्हणजे तांदळाच्या दोन दाण्यांचं वजन.

हे वजन ओळखायला झोपाळ्याला ती हातानं शिकवते. एका रेशमी धाग्यात बारीक तारेची पाच वेटोळी ओवलेली आहेत, प्रत्येकाचं वजन ठाऊक असलेलं. धागा एका छोट्या चाकावरून खाली सोडला की एकेक वेटोळं झोपाळ्याला ओढतं आणि रेघ एकेक पायरी चढते. या कामाला चाळीस मिनिटं लागतात. वेटोळ्यांना तिच्याशिवाय कुणी हात लावत नाही. तीही लावत नाही, चिमट्यानं उचलते.

इंजिन चालवण्याआधी शून्य घ्यायचं, बंद केल्यावर पुन्हा घ्यायचं. दोन शून्यं जुळली नाहीत तर मधला आकडा गेला. आणि एकदा घेतलेलं रीडिंग कारण लिहिल्याशिवाय गाळायचं नाही. हा नियम नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिनंच भांडून लावून घेतला. त्या काळात साहेबलोक आवडीचे आकडे ठेवायचे आणि नावडते विसरायचे. त्या भांडणापासून तिचं नाव ‘शून्यताई’ पडलं. तिला ते आवडायचं. शिपायापासून प्रमुखांपर्यंत सगळे तिला त्याच नावानं हाक मारायचे.

आठ महिन्यांपूर्वी ते नाव गेलं.

तिची धाकटी नणंद परदेशातली डॉक्टरेट घेऊन याच प्रयोगशाळेत रुजू झाली. घरात तिला अजून ‘बारकी’ म्हणतात, इथे ती ‘मॅडम’ आहे. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी कॉरिडॉरमधून हाक दिली, “वहिनी, चेंबर उघडलं का?” दोन-तीन जण हसले. महिन्याभरात वेल्डर, हिशेबनीस, दारावरचा पहारेकरी सगळे शून्यताईला वहिनी म्हणू लागले. पहारेकरी तिच्याहून बारा वर्षांनी मोठा आहे. एकोणीस वर्षांच्या नोकरीनंतर आपली ओळख कुणाची तरी वहिनी अशी व्हावी, हे तिला आतपर्यंत झोंबलं. बोलून दाखवण्याजोगं त्यात काही नव्हतं. नातं खरंच होतं.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती आणि बारकी चौदाची. बारकीला गणित शिकवलं तिनं. सतराव्या वर्षी, प्रयोगशाळा लोकांसाठी खुली असते त्या दिवशी, बारकीला झोपाळा दाखवायला घेऊन आली तीही तीच. बारकीनं तेव्हा विचारलं होतं, “काहीच होत नाहीये, ते बघायला इतका वेळ?” हा किस्सा शून्यताई पुढे कितीतरी वर्षं कौतुकानं सांगत असे. आता सांगत नाही. आता तो बारकीच सांगते, पाहुण्यांना, आणि शेवटी म्हणते, “तेव्हाच ठरवलं, याहून बरं यंत्र बनवायचं.” पाहुणे हसतात. शून्यताई झडपा तपासायला निघून जाते.

ते बरं यंत्र पलीकडच्या धाकट्या चेंबरमध्ये आहे. एक आडवा दांडा, मधोमध पातळ पोलादी सांध्यावर तोललेला. एका टोकाला इंजिन, दुसऱ्या टोकाला तेवढंच वजन. जोर लागला की दांडा किंचित मुरडतो. लोक त्याला ‘दांडी’ म्हणतात. शून्यताई त्याला ‘ते’ म्हणते. दांडीला वेटोळी लागत नाहीत. विजेच्या एका गुंडाळीतून ती स्वतःला स्वतःच चार मिनिटांत शिकवते आणि दिवसभराचे आकडे आपोआप साठवते. चाळीस मिनिटांचं काम चार मिनिटांत. हा आकडा बारकीनं कधी उच्चारलेला नाही. तो दांडीच्या माहितीपत्रकात तिसऱ्या ओळीत आहे आणि शून्यताईला पाठ आहे.

पुढच्या महिन्यापासून प्रत्यक्ष उड्डाणाची चौदा इंजिनं चाचणीला येणार आहेत. ती मोठ्या चेंबरमध्येच तपासायची, आणि मोठ्या चेंबरमध्ये एकच यंत्र राहील. कुठलं, हे ठरवायची पद्धत प्रमुखांनी साधी ठेवली. या प्रमुखांना कुठलाही आकडा सांगितला की ते “पुढचा दशांश?” असं विचारतात, म्हणून त्यांच्या पाठीमागे त्यांना सगळे ‘दशांश’ म्हणतात. त्यांनी सांगितलं, एकच इंजिन दोन्ही यंत्रांवर वीस-वीस वेळा मोजा. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा यांतलं अंतर एक टक्क्याच्या आत हवं. दोन्ही यंत्रं बसली तर ज्याचं अंतर कमी ते मोठ्या चेंबरमध्ये. हरलेलं यंत्र पुढच्या दाराजवळ काचेच्या कपाटात, माहितीची पाटी लावून.

झोपाळ्याची वीस रीडिंगं गेल्या महिन्यात झाली. अंतर नऊ दशांश टक्के. जेमतेम, पण आत. दांडीची वीस या आठवड्यात व्हायची आहेत. सोमवार ते गुरुवार, रोज पाच. गुरुवारी संध्याकाळी निकाल.

कपाट अजून रिकामं आहे. शून्यताई रोज सकाळी त्याच्यासमोरून आत येते.

सोमवारी दांडीचं दुसरं रीडिंग बिघडलं. बाकी चार एकमेकांना धरून होती, हे एकटं दीड टक्क्यानं वर गेलं. बारकीनं तारा तपासल्या, सांधे तपासले, इंजिन तापल्यामुळे दांडा ताणला असेल म्हणून तापमानाचे आलेख काढले. शून्यताईनं पाठीला पाठ लावलेल्या टेबलावरून ते सगळं ऐकलं. वेळही ऐकली. पावणेअकरा ते सव्वाअकरा.

ती आपल्या वहीत लिहीत राहिली. त्या वेळेबद्दल तिला सतरा वर्षांपासून माहिती होती.

झालं होतं असं. सतरा वर्षांपूर्वी एकदा चहा पिऊन परत येऊन बघते तर झोपाळ्याचं शून्य हललेलं. पाच-सात मिनिटांत आपोआप जाग्यावर आलं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. त्या वेळी गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप साडेदहाला सुरू व्हायचा आणि त्याची घरघर खालपर्यंत ऐकू यायची. वीस टन पाणी गच्चीच्या एका कोपऱ्यात चढलं की इमारत केसभर कलणार, इमारत कलली की टांगलेला झोपाळा कलणार. हिशेब पटण्यासारखा होता. तेव्हापासून ती दहा चाळीसला रीडिंग थांबवते, चहाला जाते आणि साडेअकराला पुन्हा सुरू करते. थांबवलेल्या वेळात रीडिंगच नसतं, त्यामुळे ते गाळायचं नसतं, आणि त्यामुळे वहीत कारणही लिहावं लागत नाही. एक्केचाळीस वह्यांत टाकीचा उल्लेख कुठेच नाही.

मंगळवारचंही दुसरं रीडिंग वर गेलं. दुपारी डबे उघडताना बारकीनं विचारलं. दोन्ही डबे रोज पहाटे शून्यताईच भरते, दोन्हींत सारखंच, आणि अलीकडे बारकीच्या डब्यात जरा जास्तच. कुणाला बोट दाखवायला जागा नको म्हणून.

“वहिनी, तुम्ही पावणेअकराला रीडिंग का थांबवता?”

घरी ‘तू’ आणि इथे ‘तुम्ही’, हेही आठ महिन्यांपासून होतं.

“सवय.”

“नुसती सवय?”

“चहा असतो ना तेव्हा,” शून्यताई म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं.

बारकी मान हलवून आपल्या आलेखांकडे वळली. ती चहा पीत नाही. त्या वेळातही ती चेंबरपाशीच बसलेली असते.

घरी संध्याकाळी सासूबाईंनी लेकीला विचारलं, यंत्र काय म्हणतंय. सासूबाईंना दोन्ही यंत्रांतलं काही कळत नाही, पण लेकीचं यंत्र ‘तिनं बनवलेलं’ आहे आणि सुनेचं ‘तिथलं’ आहे, एवढा फरक त्यांनी पक्का धरला आहे. रविवारी आलेल्या शेजारणीला त्या म्हणाल्या होत्या की आमची बारकी अवकाशाचं यंत्र बनवते, सूनही तिथेच असते. ‘तिथेच असते’ हे शब्द शून्यताईनं भांडी घासता घासता ऐकले होते. तिचा नवरा दातांच्या दवाखान्यासाठी कवळ्या बनवतो. बहीण आणि बायको एकाच जागी कामाला आहेत याचं त्याला बरंच वाटतं. घरी भांडायला कुणाच्या अंगात जोर उरत नाही, असं तो म्हणतो. त्या मंगळवारी बारकी जेवण अर्धं टाकून उठली, तेव्हा त्यानं बायकोला विचारलं, काय झालं हिला? शून्यताई म्हणाली, आकडे जुळत नाहीयेत. आणि तिला जाणवलं की हे सांगताना आपल्याला बरं वाटतं आहे. तिनं ताट उचललं. त्या रात्री तिला झोप मात्र नेहमीसारखी लागली, तेही खरं आहे.

बुधवारी सकाळी दहाला ती पंपवाल्याकडे गेली. जाण्याचं कारण तिनं स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. बहुधा टाकी वेळेवर भरणार ना, एवढीच खात्री हवी होती. बुधवारचंही रीडिंग बिघडलं की वीसपैकी तीन बिघडलेली, मग गुरुवारचं चौथं. दांडी बसण्याचा प्रश्नच उरणार नव्हता.

पंपवाला पायरीवर बसून बूट पुसत होता.

“टाकी?” तो म्हणाला. “ताई, टाकी आता पहाटे पाचला भरते. आपोआप. दोन वर्षं झाली. मी फक्त बघायला येतो आणि सही करतो.”

“साडेदहाला नाही?”

“साडेदहाला मी चहाच्या रांगेत असतो.”

ती जिना उतरून खाली आली. सतरा वर्षं हातचं राखून ठेवलेली गोष्ट दोन वर्षांपासून खोटी होती. कदाचित सुरुवातीपासूनच. दांडीचं रीडिंग काल टाकीनं बिघडवलेलं नव्हतं. मग कशानं? प्रत्येक रीडिंगला दोनदा शून्य तपासणाऱ्या बाईनं शून्य हलण्याचं कारण मात्र सतरा वर्षांत एकदाही तपासलं नव्हतं. घरघर ऐकली आणि मान्य केलं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिनं त्याचं रीडिंग रद्द केलं असतं.

त्या दिवशी ती चहाला गेली नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ती पावणेअकराला झोपाळ्यासमोर बसली. इंजिन बंद, नुसता झोपाळा आणि हिरवी रेघ.

दहा त्रेचाळीसला कॉरिडॉरमध्ये चहाच्या गाडीची चाकं खडखडली. गाडी रोजच्या जागी, चेंबरच्या भिंतीला लागून थांबली. रेघ जरा थरथरली. मग भिंतीपलीकडे बोलणं वाढू लागलं. दहा सत्तेचाळीसला रेघ वर सरकली, अगदी थोडी. दहा बावन्नला कार्यशाळेतले नऊ जण नेहमीप्रमाणे एकत्र आले, त्यांचा मोठ्यानं हसण्याचा आवाज भिंतीतून आला आणि रेघ एक पायरी चढली. भांडाराचे कोठीवाले मागून येतात, सगळ्यात वजनदार तेच. त्यांचा खोकला तिला ओळखू आला. रेघ आणखी वर. अकरा वाजता ती सगळ्यात उंच होती. अकरा दहाला कप गोळा झाल्याचा आवाज आला, लोक पांगले आणि रेघ उतरू लागली. अकरा सतराला पुन्हा शून्य.

चेंबर तळमजल्यावर आहे, पण खाली तळघर आहे. कॉरिडॉरची आणि दोन्ही चेंबरची फरशी एकाच स्लॅबवर. चाळीस माणसं भिंतीला चिकटून उभी राहिली की स्लॅब त्या बाजूला दबतो. किती? एक मीटरच्या पट्टीचं टोक केसाच्या विसाव्या भागाइतकं खाली जावं, एवढा. झोपाळ्याला तेवढं पुरतं. दांडीलाही पुरतं.

आणि या चाळीस माणसांत सतरा वर्षं रोज एक ती स्वतः होती. शून्य हलवायला जायची आणि परत येऊन ते हललेलं बघायची. आधी चहा संपल्यावर पाच-सात मिनिटांत रेघ जाग्यावर यायची, ते टाकीतलं पाणी स्थिरावत नव्हतं. लोक पांगत होते.

पलीकडे बारकीचं बुधवारचं दुसरं रीडिंग एव्हाना बिघडून झालं होतं.

चार वाजता बारकीच शून्यताईच्या टेबलापाशी आली. डोळे लाल होते. म्हणाली, तापमान नाही, तारा नाहीत, मला वाटतं फरशीच हलते आहे. तिरकेपणा मोजणारं एक यंत्र तिनं दुसऱ्या संस्थेकडून मागवलं होतं. ते गुरुवारी दुपारी यायचं होतं. चाचणीला त्याचा उपयोग होणार नव्हता, पण निदान शुक्रवारी कारण तरी कळेल, एवढं तिचं म्हणणं होतं.

ती गेल्यावर शून्यताई हिशेब करत बसली. गप्प राहिलं तर उद्या दांडी नापास होते आणि मोठं चेंबर झोपाळ्याकडे राहतं. पण शुक्रवारी पावणेअकराला ते मागवलेलं यंत्र चहाची गाडी पकडणार. चाळीस माणसांच्या वजनानं इमारत कलते, हा शोध बारकीच्या नावावर लागणार. दशांश तो सभेत सांगणार. सासूबाई तो शेजारणीला सांगणार. पाहुण्यांसाठी आणखी एक किस्सा तयार होणार, आणि त्यात सतरा वर्षं त्या रांगेत कप धरून उभी असलेली वहिनीही असणार.

आणि सांगितलं, तर चेंबर जाईल. ते तिला स्वच्छ दिसत होतं. दांडीची ती तीन रीडिंगं काढली, तर बाकीची झोपाळ्याच्या दुप्पट एकसारखी होती.

या दोन्हींपैकी आपल्या पोटात कशानं जास्त दुखेल, हे तिनं पाऊण तास तोलून पाहिलं. नणंदेवरची माया या तोलण्यात कुठे होती की नव्हती, हे तिनं नंतरही कुणाला सांगितलेलं नाही. पावणेपाचला ती उठून धाकट्या चेंबरपाशी गेली.

“फरशीच हलते आहे,” ती म्हणाली. “चहाची गाडी भिंतीला लागून उभी राहते. चाळीस माणसं. मी आज झोपाळ्यावर बघितलं, प्रत्येक पायरी वेळेसकट काढून ठेवली आहे.”

बारकीनं तिच्या हातातला कागद घेतला आणि एकेक वेळ वाचत गेली.

“तुला कधीपासून माहीत होतं?”

ऑफिसात ती पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाली होती. दोघींनाही ते ऐकू आलं.

“आज पावणेअकरापासून.”

“मग काल सवय म्हणालीस ते?”

“काल मला टाकी वाटत होती. सतरा वर्षं टाकीच वाटत होती.”

“म्हणजे काल तुझ्याकडे कारण होतं. चुकीचं का असेना.”

“होतं.”

“आणि सांगितलं नाहीस.”

“नाही सांगितलं.”

बारकीनं कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. मग म्हणाली, “मी तुझ्या वह्या वाचल्या आहेत. सगळ्या एक्केचाळीस. तू घरी गेल्यावर, दोन महिने. पावणेअकराला काय आहे ते कुठेतरी लिहिलं असेल म्हणून. तू काहीतरी राखून ठेवलं आहेस हे मला आल्या दिवसापासून कळत होतं. मला वाटायचं, ते असेल तोवर माझं यंत्र कितीही बरं असलं तरी तुझंच खरं धरतील.”

“विचारायचं होतंस.”

“काल विचारलं.”

वह्या कपाटात असतात आणि किल्ली शून्यताईच्या टेबलाच्या खणात. कुणीतरी ती किल्ली दोन महिने वापरत होतं आणि प्रत्येक वेळी मूळच्या जागी, मूळच्या कोनात ठेवत होतं. ही काळजी तिनंच कधीतरी बारकीला शिकवली होती. तिला राग आला आणि त्याच्या आत कुठेतरी थोडं बरंही वाटलं. दोन महिने आपला हेवा करणारं कुणीतरी या खोलीत होतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

दांडीची तीन रीडिंगं गाळण्याचं कारण लिहायचं होतं. नियम तिचाच. बारकीनं वही पुढे केली, पेन मात्र दिलं नाही. शून्यताईनं स्वतःचं काढलं. सात ओळी झाल्या. शेवटी तिनं सही केली, खाली वेळ टाकली आणि मग आणखी एक ओळ वाढवली: झोपाळ्यावर या वेळेत सतरा वर्षे रीडिंग थांबवण्याचे कारणही हेच, आजवर नोंदवलेले नाही.

चहावाल्याला सांगायला ती स्वतः गेली. उद्यापासून गाडी मागच्या सायकलस्टँडपाशी लाव, असं तिनं सांगितलं. त्यानं विचारलं, का? तुझ्या चहाचं वजन फार होतंय, ती म्हणाली. त्यानं आपल्या किटलीकडे बघितलं आणि म्हणाला, साखर कमी केली असती, सांगायचं तरी.

गुरुवारी सकाळी आठपासून दांडीची आठ रीडिंगं झाली. त्या दिवसाची पाच आणि गाळलेल्यांच्या बदली तीन. झेनॉनच्या झडपा आठही वेळा शून्यताईनं उघडल्या आणि बंद केल्या. प्रत्येक रीडिंगच्या आधी आणि नंतर शून्य तिनंच घेतलं. पावणेअकराला काचेतून इंजिनाचा निळा झोत दिसत होता, कॉरिडॉर रिकामा होता आणि रेघ जाग्यावर होती. तिनं ती रेघ पूर्ण चाळीस मिनिटं बघितली. एकदा तरी हलावी असं तिला वाटत होतं. हलली नाही.

संध्याकाळी दशांश आले आणि त्यांनी वही चाळली.

“अर्धा टक्का,” बारकी म्हणाली.

“पुढचा दशांश?”

“शून्य पूर्णांक शेहेचाळीस.”

झोपाळ्याचा आकडा सगळ्यांना माहीत होता, तो कुणी उच्चारला नाही. दांडी मोठ्या चेंबरमध्ये, असं दशांश म्हणाले. वेटोळ्यांची पेटी मात्र कपाटात ठेवू नका. महिन्यातून एकदा दांडीचं उत्तर त्या वजनांशी पडताळून बघायचं आणि ते काम जिनं आजवर केलं तिनंच करायचं. मग त्यांनी त्या सात ओळी उभ्यानं वाचल्या, आठवीही वाचली आणि शेजारी उभ्या असलेल्या हिशेबनिसाला कौतुकानं सांगितलं, “चहाची गाडी पकडली. मॅडमच्या वहिनींनी.”

बारकी म्हणाली, “शून्यताईंनी.”

दशांश “हो, हो, तेच,” म्हणाले आणि पुढच्या खोलीत गेले.

शून्यताईनं बारकीकडे बघितलं नाही. तिला आभार मानायचे नव्हते, आणि आपलं स्वतःचं नाव आपल्याला दुसऱ्यानं परत द्यावं लागलं हेही तिला आवडलं नव्हतं. तिनं चिमट्यानं पाचही वेटोळी धाग्यावरून उतरवली, पेटीत ठेवली आणि पेटीवर तारीख लिहिली. निघताना बारकीनं विचारलं, स्कूटरवर मागे बसू का, बस गेली. ये, बस, ती म्हणाली. काचेचं कपाट पहारेकऱ्यानं तेवढ्यात पुसून ठेवलं होतं.

झोपाळा सोमवारी उतरवायचा आहे. तोवर दांडी धाकट्या चेंबरमध्येच आहे, आणि उद्या शुक्रवार आहे. सकाळी सात वीसला दांडीचं शून्य घेतलं जाईल, सही शून्यताईची. चहाची गाडी पावणेअकराला सायकलस्टँडपाशी थांबेल. तिथे जाऊन यायला बारा मिनिटं लागतात, तेवढा वेळ चालू रीडिंग सोडता येत नाही, आणि उद्याच्या कामाच्या यादीत पावणेअकराच्या समोर, रोज रिकाम्या राहणाऱ्या रकान्यात, तिच्या अक्षरात ‘रीडिंग क्रमांक दोन’ असं लिहिलेलं आहे.